बाईंच्या बरण्या

घुम्या दारात उभा होता, हातात शेजाऱ्याचा डबा होता आणि डबा रिकामा होता. एवढंच झालं होतं. पुढे जे काही रामायण घडलं ते एवढ्याशा गोष्टीतून घडलं, आणि त्यात चूक कोणाचीच नव्हती. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर शिव्या कोणाला घालायच्या हा प्रश्न नको.

घुम्या परदेशात शिकायला आला होता. घरी त्याला घुम्या म्हणायचे, कारण पोरगं तोंड उघडायचं ते फक्त घास घालायला. आईला त्याच्या अभ्यासाची काळजी नव्हती, माणसांची होती. "चार माणसं जोड रे बाबा," ती निघताना म्हणाली होती, "भिंतीकडे बघत बसू नको." आणि शिकायला आला होता काय, तर धुकं. हो, धुकंच. काकाने विचारलं होतं, "धुक्यात बघायचं काय असतं? काही दिसत नाही म्हणून तर त्याला धुकं म्हणतात." घुम्याने यावर बराच विचार केला आणि काकाचं फारसं चुकत नाही असं त्याला वाटलं. पण तिकीट काढून झालं होतं.

ते गाव नदीच्या उतारावर होतं. नदीवरून धुकं उठायचं, गल्लीगल्लीने वर यायचं आणि माणसांना कमरेपर्यंत खाऊन टाकायचं. वरचा अर्धा माणूस तरंगत चाललाय असं वाटायचं. घुम्याची खोली दुसऱ्या मजल्यावर. समोरच्या दारात एक शिंपी राहायचा, वरच्या मजल्यावर बस चालवणारी एक बाई, खाली घरमालकीण. पहिले काही आठवडे घुम्याचा यांच्याशी संबंध एवढाच, की जिन्यात कोणी भेटलं तर हा भिंतीला चिकटून वाट द्यायचा.

मग घुम्याला ताप आला. दोन दिवस तो पांघरुणात पडून होता आणि खोली त्याच्याभोवती हळूहळू फिरत होती. पडदा फुगत होता, बसत होता. त्यातच कधीतरी एक निळं झाकण ढगातून खाली आल्यासारखं आलं आणि मागोमाग शिंप्याचं तोंड दिसलं. "भिंतीतून खोकला ऐकू येतो," शिंपी म्हणाला. "मशीनवर बसवत नाही मला. सूप आहे, पी." तिकडची माणसं हे सगळं तिकडच्या भाषेत बोलत होती. मी मराठीत सांगतोय, कारण मला तेवढीच येते.

घुम्या सूप प्याला, बरा झाला, डबा घासला, आणि डबा द्यायला निघाला तेवढ्यात फोन वाजला.

"कुठे निघालास?" आईने विचारलं.

"शेजारी. डबा द्यायला."

"काय घातलंस त्यात?"

"काही नाही."

आईचा आवाज एकदम चढला.

"रिकामा देणार? दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देणार? परदेशात जाऊन लाज सोडलीस का?"

"आई, घरात काहीच नाहीये."

"साखर आहे?"

"आहे."

"मग चिमूटभर साखर घाल. काहीही घाल, पण रिकामं द्यायचं नाही."

घुम्याने डब्यात चिमूटभर साखर घातली, शिंप्याच्या हातात डबा दिला आणि तो काही विचारायच्या आत पळाला.

आता शिंप्याच्या जागी जाऊन बघा. डबा उघडला तर तळाला चिमूटभर साखर. शिंपी त्या साखरेकडे बघत बसला. एकटा माणूस, घरात बोलायला शिलाई मशीन. त्याने सगळ्या बाजूंनी विचार केला आणि त्याला एकच अर्थ लागला, की पोराच्या घरात एवढीच साखर उरली होती, आणि तीही त्याने आपल्याला दिली. शिंप्याने अस्तराच्या तुकड्याने डोळे पुसले. संध्याकाळी तो घुम्याच्या दारात आला, एका हातात साखरेची मोठी पिशवी, दुसऱ्या हातात तोच डबा, आणि डब्यात गच्च भरलेला पाव आणि लोणी.

"घे," तो म्हणाला. "नाही म्हणायचं नाही."

घुम्याला नाही म्हणता येतच नव्हतं. नाही म्हटलं की कारण सांगायला लागेल म्हणून तो लहानपणापासून सगळ्याला हो म्हणत आला होता. आता डबा पुन्हा त्याच्याकडे, आणि पुन्हा भरून द्यायला हवा. त्याला येत होते फक्त बटाटे, तव्यावर परतलेले. त्याने बटाटे केले आणि डबा भरून दिला.

"हे कशाबद्दल?" शिंप्याने विचारलं.

घुम्याने सगळं बळ गोळा करून सांगितलं, "आईचा नियम आहे. भांडं रिकामं द्यायचं नाही."

शिंप्याला हा नियम भलताच आवडला. त्याने अर्धे बटाटे बसवाल्या बाईला दिले आणि सोबत नियमही दिला. "त्या पोराच्या घरी फार जुनी पद्धत आहे," तो म्हणाला. बसवालीने घरमालकिणीला सांगितलं, पण बसच्या आवाजामुळे तिला सगळं जरा मोठ्याने सांगायची सवय होती. त्यामुळे घरमालकिणीपर्यंत पोहोचेतो नियम असा झाला होता, की भांडं रिकामं गेलं तर पोराची आई तिकडे आजारी पडते.

"अगं बाई!" घरमालकीण म्हणाली, आणि तिने त्याच दिवशी केक केला.

झालं. आता डबे तीन झाले. निळ्या झाकणाचा शिंप्याचा, पत्र्याचा बसवालीचा, आणि घरमालकिणीचा काचेचा, त्याचं झाकण कधीच नीट बसायचं नाही. एक भरून जायचा, दोन भरून यायचे. आणि डबा म्हणजे नुसता हातात द्यायचा आणि वळायचं, असं कुठे असतं? "आत ये की. बस की. निदान चहा तरी घे." शिंप्याकडे गेलं की तो म्हणायचा, "आलाच आहेस तर जरा उभा राहा." मग घुम्याच्या अंगावर गिऱ्हाइकाचा कोट चढायचा आणि शिंपी तोंडात टाचण्या धरून त्याच्याभोवती फिरत राहायचा. घरमालकिणीला पत्ते खेळायला भिडू हवा होता. घुम्या हरायचा आणि तक्रार करायचा नाही, असा भिडू तिला आयुष्यात मिळाला नव्हता. बसवालीचा गाणाऱ्यांचा एक गट होता. तिने घुम्याला त्यात शेवटच्या रांगेत उभं केलं. घुम्या नुसतं तोंड हलवायचा.

"हा मुलगा कधीच बेसूर होत नाही," गटातल्या बायका म्हणायच्या. "बाकीच्यांनी शिका काहीतरी."

गाणाऱ्या बायकांचेही डबे सुरू झाले. कोणाचा वाढदिवस, कोणाचं घर बदलणं, कोणाच्या मुलीचं नाटक, सगळीकडे घुम्या हवाच. हा सगळीकडे जायचा, कोपऱ्यात बसायचा, गालात हसायचा, आणि येताना हातात काहीतरी झाकण लावलेलं असायचं. पुढे पुढे हा घरी सापडेना, म्हणून त्याने किल्ली पायपुसण्याखाली ठेवायला सुरुवात केली. लोक यायचे, डबे आत ठेवून जायचे.

"आज कुठे?" आई फोनवर विचारायची.

"आज तीन ठिकाणी."

"तीन!" आई कोणाला तरी ओरडून सांगायची, "ऐकलंत का हो, आज तीन ठिकाणी बोलावलंय त्याला!" मागून बापाचा आवाज यायचा, "अभ्यासाला कोणी बोलावलंय का विचार."

खरं सांगायचं तर घुम्याला हे सगळं एखाद्या स्वप्नासारखं वाटायला लागलं होतं. झोप पुरत नव्हती, पाय जमिनीला नीट टेकत नव्हते. रस्त्याने चालताना कोणीही अनोळखी माणूस खिडकीतून हात करायचा, आणि धुक्यातून नुसता हात दिसायचा, हाताचा मालक नाही. घुम्याही हात करायचा. कोणाला, ते त्याला कळायचं नाही, पण छान वाटायचं. पोटात ऊब असायची, डोक्यात कापूस.

या कापसात एकच टाचणी होती. ती म्हणजे बाई.

बाई त्याच्या प्रोफेसर. उंच, किडकिडीत. अंगात लांब राखाडी कोट, कोटाचं दुसरं बटण तुटलेलं आणि तिथे दोरा लोंबणारा. बाई दोन वाक्यांच्या वर बोलत नसत. एक दिवस त्यांनी घुम्यापुढे चार काचेच्या बरण्या ठेवल्या. अशा स्वच्छ, की आहेत की नाहीत कळू नये.

"पहिलं दाट धुकं पडलं की यात पकडायचं," बाई म्हणाल्या. "यात धुक्याशिवाय काही जाता कामा नये."

"हो."

"वर्षातून एकदा-दोनदाच पडतं तसं धुकं. ते आणलंस तर पुढचं वर्षही तू इथे. नाही आणलंस तर मी वरच्यांना काय दाखवू? तुला घरी जावं लागेल."

"हो," घुम्या म्हणाला. बाई एवढी वाक्यं बोलल्या म्हणजे प्रकरण गंभीर आहे हे त्याला कळलं.

धुकं पकडतात कसं, हे मलाही ठाऊक नव्हतं. एक लाकडी चौकट असते. तिच्यात बारीक नायलॉनच्या तारा जवळ जवळ ताणून बांधलेल्या असतात, एखाद्या वाद्यासारख्या. धुकं त्या तारांतून जाताना अडतं, त्याचे थेंब होतात, थेंब ओघळतात आणि खाली ठेवलेल्या बरणीत पडतात. पेलाभर पाणी साचायला धुक्याला पुष्कळ वेळ लागतो. मग त्या पाण्यात काय काय आहे ते बाई तपासतात. घुम्याने चारही चौकटी आपल्या गॅलरीत मांडल्या, खाली बरण्या ठेवल्या, आणि जो जो घरात डबा ठेवायला आला त्याला सांगितलं, "त्या बाईंच्या बरण्या आहेत. शुक्रवारी परत द्यायच्यात." धुक्याबद्दल तो बोलला नाही. तेवढी वाक्यं त्याच्याकडे नव्हती.

गुरुवारी पहाटे दाट धुकं पडणार, असं रेडिओवर सांगितलं. घुम्याने बुधवारी संध्याकाळी तारा पुसल्या, बरण्या सरळ केल्या, आणि आज कुठेही जायचं नाही असं ठरवलं. तेवढ्यात बसवाली आली.

"चल. आज आमच्या गटातल्या थोरलीचा वाढदिवस आहे."

"मला..."

"मला काय?"

"मला कोट घालू दे," घुम्या म्हणाला.

थोरलीकडे गाणी झाली, खाणं झालं, गाद्या पडल्या. "आता कुठे जातोस एवढ्या लांब, झोप इथेच," असं कोणीतरी म्हणालं. घुम्या सोफ्यावर बसला आणि बसल्या जागी झोपला.

सकाळी डोळे उघडले तर खिडकीत काहीच नव्हतं. रस्ता, झाडं, समोरची घरं, सगळं पुसलेलं. घुम्या ताडकन उठला. असलं धुकं त्याने आयुष्यात पाहिलं नव्हतं. तो घराकडे चालायला लागला, आणि चालता चालता त्याला कधी नाही ते गाणं सुचायला लागलं. आपलं पाऊलसुद्धा दिसत नव्हतं. दुधातून चालावं तसं. कुठूनतरी बसचा भोंगा वाजायचा, तोही कापसात गुंडाळलेला. मनात त्याला आपली गॅलरी दिसत होती, तारांवरून थेंब सरकताहेत, टप्, टप्, बरण्यांचा तळ झाकला गेलाय. पुढचं वर्ष थेंबाथेंबाने भरत होतं. बाई हसताहेत असंही त्याला दिसलं, पण ते त्याने सोडून दिलं, कारण तेवढं स्वप्नातही पटण्यासारखं नव्हतं.

त्याने दार उघडलं. गॅलरीत शिंपी, बसवाली आणि घरमालकीण ओळीने उभे होते. लग्नात फोटोला उभं राहतात तसे.

"बघ!" शिंपी म्हणाला.

घुम्याने बघितलं. पहिल्या बरणीत सफरचंदाचा मुरंबा होता. दुसरीत बिस्किटं. तिसरीत रंगीत कागदातल्या गोळ्या. चौथीत काठोकाठ बटणं, लाल, निळी, शिंपल्याची, पितळेची. प्रत्येक बरणीच्या गळ्याला शिंप्याने रेशमी फीत बांधली होती. चौकटी नीट एकीला एक लावून भिंतीला टेकवल्या होत्या.

"त्या चाळण्या बाजूला ठेवल्या," घरमालकीण म्हणाली. "मध्ये मध्ये येत होत्या."

"मी काल पहाटे बस काढायच्या आधी डबा ठेवायला आले," बसवाली म्हणाली, "तर चारही बरण्या रिकाम्या! म्हटलं, उद्या-परवा द्यायच्यात बाईंना, आणि पोराने काहीच भरलं नाही! याच्या आईचं काय होईल?"

"मी तर रात्री झोपलेच नाही," घरमालकीण म्हणाली.

"ही वाढदिवसाहून परतल्यावर खाण्याचं सगळं या दोघींनीच भरलं," शिंपी म्हणाला. "मी म्हटलं आपण टिकाऊ काहीतरी द्यावं. बाई माणूस आहे, बटणं लागतातच."

तिघं त्याच्या तोंडाकडे बघत होते. मागे गॅलरीबाहेर वर्षातलं सगळ्यात सुंदर धुकं सावकाश वाहत चाललं होतं, आणि ते पकडायला या घरात एकही स्वच्छ भांडं उरलं नव्हतं. घुम्याने सांगायला तोंड उघडलं. पण घरमालकिणीच्या गालाला अजून पीठ लागलेलं होतं.

"छान आहे," तो म्हणाला.

शुक्रवारी त्याने चारही बरण्या पिशवीत घातल्या आणि बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवल्या. फिती सोडायची त्याला हिंमत झाली नाही. बाईंनी चष्मा लावला.

"मी धुकं मागितलं होतं."

"हो."

"हा मुरंबा आहे."

"हो."

"ही बटणं आहेत."

"हो."

"धुक्यात हे कुठून आलं?"

मग घुम्याने सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा तो एका दमात इतकं बोलला. ताप, सूप, साखर, आई, बटाटे, किल्ली, फीत, सगळं. बोलून झाल्यावर त्याला धाप लागली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"अजून एकदा पडेल कदाचित," त्या शेवटी म्हणाल्या. "नाही पडलं तर सामान बांध."

"बरण्या?"

"बरण्या इथेच राहू देत."

घुम्या घरी आला आणि त्याने खरंच बॅग काढून पलंगावर ठेवली. खिडकीत ऊन पडलं होतं. दुसऱ्या दिवशीही ऊन. लख्ख, कोरडं, दुष्ट ऊन. त्याने ना शिंप्याला काही सांगितलं, ना आईला. डबे येत होते, जात होते. बटाटे परतताना तो मध्येच थांबायचा आणि तव्यावरच्या वाफेकडे बघत राहायचा. वाफ तेवढी धुक्यासारखी दिसायची.

"बाईंना आवडली का बटणं?" शिंपी रोज विचारायचा.

"हो," घुम्या म्हणायचा.

आणि मग एका सकाळी त्याला जाग आली ती शांततेने. बाहेर काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. त्याने पडदा सरकवला. नव्हतंच जग. गेलं होतं कुठेतरी. धुकं काचेला नाक लावून उभं होतं.

घुम्या चौकटी घेऊन गॅलरीत धावला आणि तिथे त्याला आठवलं, की बरण्या बाईंकडे आहेत. त्याने घरभर बघितलं. निळा डबा, त्याला सुपाचा वास. पत्र्याचा, त्याला तेल. काचेचा आदल्याच दिवशी खाली घरमालकिणीकडे गेलेला. तसाच अनवाणी तो वर गच्चीकडे पळाला. तिथून निदान डोळ्यांनी तरी बघून घेऊ, घरी जाऊन काकाला सांगायला होईल, असा काहीतरी विचार असावा. किंवा नसावाही. अनवाणी पळणारा माणूस फार विचार करत नाही.

गच्चीचं दार उघडंच होतं. आत, म्हणजे बाहेर, सगळं पांढरं. मग त्या पांढऱ्यात हळूहळू दुसऱ्याच चार चौकटी उमटल्या. चौकटींखाली चार बरण्या. आणि बाजूला उलट्या घातलेल्या बादलीवर लांब राखाडी कोट घालून बाई बसल्या होत्या. त्यांच्या केसांवर, भुवयांवर बारीक थेंब साचले होते, जणू त्यांनाही तारा लावल्या आहेत.

"हळू," बाई म्हणाल्या. "धूळ उडते."

टप्. एका बरणीत थेंब पडला.

घुम्या तिथेच खाली बसला. टप्. खालून कुठून तरी घंटा वाजली आणि विरघळली. टप्, टप्. धुकं त्या दोघांच्या मधून जात होतं, गर्दीतून वाट काढणाऱ्या सभ्य माणसासारखं.

"रिकाम्याच पाठवणार होते," बऱ्याच वेळाने बाई म्हणाल्या. "धुवून, पुसून. मग वाटलं, तुझ्या आईला काही झालं तर?"

घुम्याने मान वर केली. आणि तेव्हा त्याला दिसलं, की कोटाचं दुसरं बटण जागेवर आहे. पितळेचं. बाकीच्या बटणांशी त्याचा काही संबंध नव्हता.

"मुरंबा संपला," बाई म्हणाल्या. "बटणं उरलीत."

धुकं विरळ व्हायला लागलं तेव्हा चारही बरण्यांत बोटभर पाणी होतं. बाईंनी घट्ट झाकणं लावली, दोन बरण्या स्वतः घेतल्या, दोन घुम्याच्या हातात दिल्या. "सांभाळून. चारींतलं पाणी सारखं करायला मी एकदा उघडणार आहे, बाकी कोणी नाही." दोघं एक एक पायरी उतरत खाली आले. बसवालीच्या मजल्यावर बाईंनी दम घ्यायला बरण्या कठड्यावर ठेवल्या आणि पाणी सारखं करायला झाकणं काढली. नेमका तेव्हाच शिंपी जिन्याने वर आला.

त्याने बाईंना बघितलं. बटण बघितलं. तोंडभर हसला. मग बरण्यांत बघितलं आणि त्याचं हसू गेलं.

"नुसतं पाणी?" तो घुम्याच्या कानात म्हणाला. "बाई शिकलेली दिसते, पण हात आखडता आहे. असू दे. तुझ्या आईला असलं चालायचं नाही." आणि त्याने खिशातून कागदाची पुडी काढली. पुडीत साखर होती. घुम्याची ती चिमूट मिळाल्यापासून तो ती कायम जवळ ठेवायचा, कोणाला कधी लागेल सांगता येत नाही म्हणून. त्याने चिमूट भरली. चिमूट बरणीवर आली.

"नको!"

असा आवाज त्या जिन्यात कधी घुमला नव्हता. बसवाली दार उघडून बाहेर आली. खालून घरमालकीण धापा टाकत वर आली, एका हातात किटली, दुसऱ्या हातात कप, काखेत डबा, कारण पहाटे बाईंना गच्ची तिनेच उघडून दिली होती. शिंप्याची चिमूट हवेत थांबली होती. घुम्या स्वतःच दचकला होता. हा आवाज आपला आहे, हे त्याला पटत नव्हतं.

"काय म्हणालास?" शिंप्याने विचारलं.

"नको," घुम्या हळू म्हणाला. "ते धुकं आहे. त्यात काही घालायचं नाही."

शिंप्याने चिमूट परत पुडीत सोडली. तो घुम्याकडे वळला.

"म्हणजे तुला नको म्हणता येतं?"

"आत्ताच आलं."

"मग आधी म्हणायचं ना, गाढवा!" शिंपी पायरीवर मटकन बसला. "हिवाळा लागल्यापासून मी गिऱ्हाइकांचे कोट सोडून पाव भाजतोय! म्हटलं, आपण थांबलो तर तिकडे याची आई अंथरूण धरेल!"

"माझी आई ठणठणीत आहे," घुम्या म्हणाला.

"ठणठणीत?" घरमालकिणीने किटली खाली ठेवली. "मग मी हे केक कोणासाठी करतेय? भट्टीपुढे उभं राहून कंबर धरली माझी!"

"मला बटाटे आवडत नाहीत," बसवाली म्हणाली, आणि म्हटल्यावर इतकं हलकं वाटलं तिला, की तिने ते पुन्हा म्हटलं. "लहानपणापासून नाही आवडत."

"मला गाता येत नाही," घुम्या म्हणाला.

"काय?"

"मी नुसतं तोंड हलवतो."

मग शिंपी हसायला लागला, मग घरमालकीण, मग बसवाली कठड्याला धरून हसली. बाईंनी चटकन चारही झाकणं लावून टाकली, कारण हसताना थुंकी उडते. हसणं ओसरल्यावर तिथेच जिन्यात ठरलं. डबे बंद. ज्याचा डबा त्याच्या घरी, आणि रिकामा. कोणाची आई आजारी पडणार नाही, कोणाला वाईट वाटणार नाही. पत्ते खेळायचे तर नुसते खेळायचे, कोट अंगावर चढवायचा तर नुसता चढवायचा. सगळ्यांनी माना डोलावल्या. कितीतरी महिन्यांत त्या जिन्यात इतकी मोकळी हवा नव्हती.

"मी चहाचा हा कप घेऊन आलेच होते," घरमालकीण बाईंना म्हणाली, "गार होईल, घ्या. आणि ही दोन बिस्किटं, आता शेवटचीच."

बाईंनी कप घेतला. बिस्किटं काचेच्या डब्यात होती, ज्याचं झाकण नीट बसायचं नाही तोच तो डबा. बाईंनी उभ्या उभ्या चहा संपवला, बिस्किटं खाल्ली, आणि मग त्या कितीतरी वेळ त्या रिकाम्या डब्याकडे बघत राहिल्या. खालून जिन्याच्या खिडकीतून धुक्याचं शेवटचं टोक आत आलं होतं आणि कुठे जावं ते न सुचून पायऱ्यांवर घोटाळत होतं.

"तुमचं ठरलं ते बरोबर आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी कोटाच्या पितळी बटणावरून बोट फिरवलं. "पण मला डबा आजच पहिल्यांदा मिळालाय."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शिंप्याने सुस्कारा सोडला आणि खिशातली पुडी चाचपली.

"एकदाच हं, बाई," तो म्हणाला.

"एकदाच," बाई म्हणाल्या, आणि डबा काखेत घालून, आपल्या दोन बरण्या उचलून खाली उतरल्या.

घुम्या बाकीच्या दोन बरण्या खाली पोहोचवून खोलीत आला, पलंगावरची बॅग उचलून कपाटाच्या वर ढकलली, आणि कोपऱ्यातले बटाटे घेऊन चिरायला बसला. बाई डबा परत करणार, नक्कीच भरून करणार, आणि घरमालकीण बाईंना कधीच रिकाम्या हाताने परत जाऊ देणार नाही, हे कोणी त्याला सांगायची गरज नव्हती.